एका बाकावर बसणे पुरेसे आहे का? समावेशित शिक्षणावरील संशोधन आणि त्याचे सामाजिक परिणाम

दरवर्षी आरटीईचे ऑनलाइन अर्ज सुरू झाले की संध्याकाळी विहारात लॅपटॉप उघडून बसायचे, हा आमचा ठरलेला कार्यक्रम. जातीचा दाखला, रहिवासी पुरावा, जन्माचा दाखला, घरापासून शाळेचे अंतर, सगळे तपासून अर्ज भरायचे. सोडतीत नाव लागले की घरोघरी पेढे वाटले जातात. तिथे आपले काम संपले, असे आम्हालाही काही वर्षे वाटत होते.

मग एक आई आम्हाला भेटायला आली. मुलगी दुसरीत, चांगल्या नावाजलेल्या इंग्रजी शाळेत. पण रोज सकाळी शाळेत जायला रडते. चौकशी केल्यावर कळले की वर्गात पंचवीस टक्क्यांतली मुले एकाच रांगेत बसवली जातात आणि बाई त्यांना नावाने नाही, तर "आरटीईवाले" म्हणून हाक मारतात. मुलीला प्रवेश मिळाला होता, पण तिचा समावेश झाला नव्हता.

प्रवेश आणि समावेश यांतला हा फरक काय आहे? वेगवेगळ्या जातींची, वर्गांची आणि क्षमतांची मुले एकत्र शिकली तर समाजात खरेच काही बदलते का? "अशाने शाळेचा दर्जा घसरतो" या आरोपात किती तथ्य आहे? या प्रश्नांवर भारतात आणि जगात गंभीर संशोधन झाले आहे. ते आपल्या तरुण कार्यकर्त्यांपर्यंत पोहोचावे, म्हणून ही मांडणी.

समावेशित शिक्षण म्हणजे काय?

शिक्षणशास्त्रात मुलाच्या चार अवस्था सांगितल्या जातात. पहिली बहिष्कार, म्हणजे मूल शाळेबाहेरच राहते. दुसरी विलगीकरण, म्हणजे त्याच्यासाठी वेगळी शाळा किंवा वेगळा वर्ग. तिसरी एकीकरण, म्हणजे मूल सर्वांच्या शाळेत येते, पण शाळा आहे तशीच राहते आणि जुळवून घेण्याची सगळी जबाबदारी मुलावर पडते. चौथी समावेशन. इथे मुलासाठी शाळा स्वतः बदलते. शिकवण्याची पद्धत, बसण्याची व्यवस्था, परीक्षा, इमारत आणि शिक्षकाची नजर, सगळे बदलते.

१९९४ साली स्पेनमधील सलामांका येथे ९२ देशांच्या सरकारांनी एकत्र येऊन जाहीरनामा मान्य केला आणि ही कल्पना जागतिक धोरणात आली. तिचा भर मुख्यतः विशेष गरजा असलेल्या मुलांवर होता. आज मात्र जात, वर्ग, लिंग, भाषा, धर्म आणि अपंगत्व अशा सर्व कारणांनी वगळल्या जाणाऱ्या मुलांसाठी हा शब्द वापरला जातो. भारतात जातीला बाजूला ठेवून समावेशित शिक्षणाची चर्चा होऊच शकत नाही.

हा प्रश्न आपल्यासाठी नवा नाही

१८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. त्याने मुंबई सरकारकडे अर्ज केला, पण सरकारने इतरांची नाराजी नको म्हणून त्या एका मुलाच्या बाजूने उभे राहण्याचे टाळले. पुढे सरकारी शाळा सर्व जातींना खुल्या असल्याचे धोरण कागदावर आले, प्रत्यक्षात दार बंदच राहिले. १९२८ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनला दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी मुंबई इलाख्यातील शिक्षणाचा हा सगळा इतिहास पुराव्यानिशी मांडला.

७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. पण शाळेत दाखल झाल्यावर काय वाट्याला आले, हेही आपल्याला ठाऊक आहे. बसायला घरून आणलेले गोणपाट, तेही इतरांपासून दूर, आणि शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. आजच्या भाषेत सांगायचे तर प्रवेश होता, हजेरीपटावर नाव होते, समावेश नव्हता.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ मध्ये करवीर संस्थानातील अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. ते सर्व जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी खुले होते. ज्यांना वर्गाबाहेर बसवले गेले, त्यांनी उभारलेल्या वर्गात कोणालाच बाहेर बसवले नाही.

कायदा काय सांगतो?

शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यातील कलम १२(१)(सी) नुसार खासगी विनाअनुदानित शाळांना प्रवेशाच्या पहिल्या वर्गात किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांना द्याव्या लागतात. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवली. २०१४ च्या निकालाने मात्र अल्पसंख्याक शाळा या कायद्यातून वगळल्या गेल्या.

प्रवेशानंतरच्या वागणुकीबाबतही कायदा स्पष्ट आहे. कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही बंदी घालते. केंद्राच्या २०१० च्या नियमांनुसार या २५ टक्क्यांतील मुलांना वर्गात वेगळे बसवता येत नाही आणि त्यांचे वर्ग वेगळ्या जागी किंवा वेगळ्या वेळीही भरवता येत नाहीत. वर सांगितलेल्या मुलीच्या शाळेत जे चालले होते, तो शिक्षिकेचा स्वभाव नव्हता, तो नियमभंग होता. हे त्या आईला आणि खरे सांगायचे तर सुरुवातीला आम्हालाही माहीत नव्हते.

दिव्यांग मुलांसाठी २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आहे. त्यात २१ प्रकारचे अपंगत्व मान्य केले आहे. ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वयोगटातील मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. म्हणजे इथे हक्क चौदाव्या वर्षी संपत नाही.

एकत्र शिकल्याने काय बदलते? दिल्लीचा अभ्यास

२००७ पासून दिल्लीतील अनेक उच्चभ्रू खासगी शाळांना गरीब मुलांसाठी जागा ठेवणे भाग पडले. काही शाळांत हे लगेच झाले, काही शाळांत उशिरा, काहींत झालेच नाही. या फरकाचा उपयोग करून अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी श्रीमंत मुलांवर काय परिणाम झाला, ते तपासले. त्यांचा निबंध २०१९ मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू' या मान्यवर नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

ज्या श्रीमंत मुलांच्या वर्गात गरीब मुले होती, ती अधिक उदार आढळली. स्वतःला मिळालेले पैसे दुसऱ्याशी वाटून घेण्याची त्यांची तयारी जास्त होती. गरीब मुलांबरोबर खेळायला, मिसळायला ती अधिक राजी होती. रिले शर्यतीसाठी जोडीदार निवडायला सांगितल्यावर, वेगाने धावणारा गरीब मुलगा सोडून हळू धावणारा श्रीमंत मुलगा निवडण्याचे प्रमाण या मुलांत कमी होते.

या अभ्यासातला एक बारकावा कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. काही शाळांत अभ्यासगट नावाच्या आद्याक्षरांप्रमाणे पाडले जात. त्यामुळे कोणत्या श्रीमंत मुलाच्या गटात गरीब मूल येईल, हे निव्वळ योगायोगावर ठरे. ज्यांना एका गटात प्रत्यक्ष एकत्र काम करावे लागले, त्यांच्यात बदल ठळक दिसला. एका छताखाली असण्यापेक्षा एका गटात असणे अधिक प्रभावी ठरले.

दर्जा घसरतो का?

हा आक्षेप संस्थाचालक घेतात आणि आपल्यातले सुस्थितीत गेलेले पालकही दबक्या आवाजात घेतात. त्यामुळे पुरावा नीट पाहू.

दिल्लीच्या अभ्यासात श्रीमंत मुलांच्या हिंदी आणि गणिताच्या गुणांवर परिणाम आढळला नाही. इंग्रजीत किंचित घट दिसली. ही गोष्ट लपवण्याचे कारण नाही. ज्या घरात इंग्रजी बोलली जात नाही, तिथली मुले वर्गात आल्यावर शाळेने भाषेसाठी जादा मदत द्यायला हवी, एवढाच तिचा अर्थ. आंध्र प्रदेशातील १८० गावांत कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन यांनी केलेला मोठा प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे शिष्यवृत्ती घेऊन सरकारी शाळेतली मुले खासगी शाळेत आली, तरी आधीपासून तिथे शिकणाऱ्या मुलांच्या गुणांवर काही विपरीत परिणाम झाला नाही.

दिव्यांग मुलांबाबत २०१७ मध्ये पोलंडमधील संशोधकांनी ४७ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. विशेष गरजा असलेल्या मुलांबरोबर शिकल्याने इतर मुलांच्या प्रगतीला धक्का बसत नाही, उलट थोडा फायदाच दिसतो, असे त्यातून पुढे आले.

मात्र संशोधनाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सर्वसाधारण वर्गात गेल्याने खुद्द विशेष गरजा असलेल्या मुलांना किती फायदा होतो, याचा आढावा २०२२ मध्ये कॅम्पबेल या आंतरराष्ट्रीय आढावा-मालिकेत प्रसिद्ध झाला. सरासरी पाहता ना ठळक फायदा, ना ठळक तोटा, असे त्याचे उत्तर होते. काही मुलांचे भले झाले, काहींचे झाले नाही. म्हणजे नुसते वर्गात आणून बसवल्याने आपोआप काही घडत नाही. विशेष शिक्षक, साहित्य, वेळ आणि आधार मिळाला तरच घडते.

एकत्र बसूनही भेद उरतो तेव्हा

कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीच्या ६४२ मुलांवर एक प्रयोग केला. निम्मी मुले उच्च जातींची, निम्मी दलित. सर्वांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली आणि सुटलेल्या कोड्यांवर पैसे दिले. जात जाहीर केली नव्हती, तेव्हा दोन्ही गट जवळपास सारखेच होते. मग मुलांची नावे, वडील-आजोबांची नावे, गाव आणि जात सर्वांसमोर वाचून दाखवली. लगेच दलित मुलांची कामगिरी घसरली. मुले तीच, कोडी तशीच, बुद्धीही तीच. बदलली होती ती फक्त एक घोषणा. वर्गात "आरटीईवाले उभे राहा" किंवा "स्कॉलरशिपवाले हात वर करा" असे म्हटल्याने मुलाच्या मनावर काय होते, हे समजायला हा प्रयोग पुरेसा आहे.

दुसरा अभ्यास आपल्याला अस्वस्थ करणारा आहे. रेमा हॅना आणि ली लिंडेन यांनी मुलांच्या उत्तरपत्रिका १२० शिक्षकांकडून तपासून घेतल्या. मुखपृष्ठावर मुलाची जात यादृच्छिकपणे, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखी लिहिलेली होती. 'खालची' जात लिहिलेल्या उत्तरपत्रिकेला सरासरी थोडे कमी गुण मिळाले. फरक लहान होता, पण होता. आणि हा भेदभाव प्रामुख्याने कनिष्ठ मानल्या गेलेल्या जातींतील शिक्षकांकडूनच झालेला आढळला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष पचवायला कठीण आहे. पण जातिव्यवस्था वरून लादली जाते तशी आतही झिरपते, हे आपल्या चळवळीने कायम सांगितले आहे. "आपल्याच मुलांना जास्त रगडले पाहिजे" किंवा "यांना जमणार नाही" असे मनात धरणारे शिक्षक आपल्या घरांतही आहेत.

सरकारी शाळांचे चित्रही वेगळे नाही. गीता नांबिसन यांनी राजस्थानातील दलित मुलांच्या शालेय अनुभवांचा अभ्यास केला. विमला रामचंद्रन आणि तारामणी नाओरेम यांनी सहा राज्यांतील शाळांचा अभ्यास २०१३ मध्ये मांडला. पाणी, पोषण आहाराची पंगत, बसण्याची जागा, झाडलोट कोणाला सांगायची आणि कार्यक्रमात पुढे कोणाला करायचे, अशा रोजच्या छोट्या गोष्टींतून भेद कसा चालतो, हे त्यात दिसते. पटावर ही मुले शाळेत असतात. शाळेच्या आयुष्यात ती कडेला असतात.

कोणत्या अटींवर एकत्र येणे उपयोगी ठरते?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये 'संपर्क सिद्धांत' मांडला. दोन गट एकत्र आले की पूर्वग्रह कमी होऊ शकतो, पण त्यासाठी चार गोष्टी लागतात: समान दर्जा, समान ध्येय, परस्पर सहकार्य आणि वरच्या सत्तेचा पाठिंबा. थॉमस पेटिग्र्यू आणि लिंडा ट्रॉप यांनी २००६ मध्ये ५१५ अभ्यासांचा आढावा घेतला. संपर्काने पूर्वग्रह कमी होतो, आणि या अटी असतील तर अधिक कमी होतो, असे त्यात आढळले.

भारतात याचा सुंदर पुरावा क्रिकेटच्या मैदानावर मिळाला. मॅट लोव यांनी वाराणसी परिसरात तरुणांच्या क्रिकेट स्पर्धा भरवल्या. काही संघ एकाच जातीचे, काही मिश्र. एका संघात खेळलेल्या तरुणांत दुसऱ्या जातीतील मैत्री वाढली आणि संघ निवडताना स्वजातीला झुकते माप देणे कमी झाले. जे दुसऱ्या जातीच्या खेळाडूंना केवळ प्रतिस्पर्धी म्हणून भेटले, त्यांच्यात मात्र असा चांगला परिणाम दिसला नाही, उलट घडण्याकडे कल होता.

आपल्या शाळांना हे लावून पाहा. गुणांच्या शर्यतीत एकमेकांसमोर उभी केलेली मुले वर्षानुवर्षे एका वर्गात राहूनही परकी राहतील. एक प्रयोग, एक नाटक, एक संघ मिळून करणारी मुले जवळ येतील. आणि मुख्याध्यापकांचा पाठिंबा नसेल, तर चौथी अट तिथेच मोडते.

हक्क आहे, पण पोहोचतो कोणापर्यंत?

छत्तीसगडमध्ये मॉरिसिओ रोमेरो आणि अभिजीत सिंह यांनी या २५ टक्के जागांचा अभ्यास केला. पात्र घरांमध्येही जी अधिक गरीब, कमी शिकलेली आहेत, ती अर्जच कमी करतात, आणि जागा मिळालेल्यांपैकी बरीच मुले एरवीही खासगी शाळेत गेली असती, असे त्यातून दिसले. आमचा अनुभव वेगळा नाही. अर्ज भरायला येतात ते पालक बहुधा जागरूक असतात. वीटभट्टीवरचे, ऊसतोडीला गेलेले, भाड्याच्या खोलीत राहणारे आणि भाडेकरार नसलेले पालक येत नाहीत.

महाराष्ट्रात तर हा हक्कच निसटायची वेळ आली होती. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारने नियम बदलले. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट देण्यात आली. शहरांत जवळपास प्रत्येक खासगी शाळेजवळ अशी शाळा असतेच. म्हणजे तरतूद नावापुरती उरली असती. पालक आणि संघटना उच्च न्यायालयात गेल्या. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी हा बदल रद्द केला. सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. गरिबांच्या शाळा वेगळ्या आणि श्रीमंतांच्या वेगळ्या, ही विभागणी पुन्हा आणण्याचा प्रयत्न तूर्त तरी थांबला.

आपण काय करू शकतो?

१. अर्जाबरोबर पाठपुराव्याचीही वही ठेवू. प्रवेश मिळालेल्या प्रत्येक मुलाच्या घरी वर्षातून किमान तीनदा जाऊ आणि चार प्रश्न विचारू: कुठे बसतोस, कोणाबरोबर डबा खातोस, बाई कोणत्या नावाने हाक मारतात, स्नेहसंमेलनात होतास का?

२. भेदभाव आढळला तर आधी शाळेला लेखी पत्र. मग कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार. तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावा अशी तरतूद आहे. पुढे राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. तोंडी भांडणाने त्रास मुलाला होतो, कागदाने व्यवस्था हलते.

३. सरकारी आणि अनुदानित शाळेच्या व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक आणि निम्म्या महिला असतात. वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान द्यावे लागते. या जागा रिकाम्या सोडू नका.

४. आठवीनंतर २५ टक्क्यांतील मुलाला खासगी शाळेत पूर्ण फी भरावी लागते. म्हणून मूल सहावीत असतानाच पुढच्या शाळेचा, शिष्यवृत्तीचा विचार सुरू करा. ऐन नववीत शाळा सुटली, तर आठ वर्षांची मेहनत वाया जाते.

५. आपल्या विहारातील अभ्यासिका, क्रीडास्पर्धा, जयंतीचे कार्यक्रम मिश्र गटांत घ्या. शेजारच्या वस्तीतल्या इतर समाजाच्या मुलांनाही बोलवा. वाराणसीच्या मैदानावर जे घडले, ते आपल्या मैदानावरही घडू शकते.

६. दिव्यांग मुलांकडे आपण स्वतः कसे पाहतो, हे तपासा. आमच्या विहाराला सात पायऱ्या आहेत आणि अनेक वर्षे उताराचा रस्ता नव्हता. व्हीलचेअरवरचा एक मुलगा बाहेरूनच वंदनेला हात जोडायचा. ते आमच्या लक्षात यायला त्याच्या आईला बोलावे लागले. दुसऱ्याच्या शाळेवर बोट ठेवण्याआधी आमच्या दाराकडे पाहावे लागले.

त्या दुसरीतल्या मुलीचे पुढे काय झाले? शाळेला पत्र दिले, नियमाची प्रत जोडली. पहिल्या भेटीत टाळाटाळ झाली, दुसऱ्या भेटीत बसण्याची व्यवस्था बदलली. आता दर महिन्याला बाकांची अदलाबदल होते. तिची आई सांगते की हल्ली ती घरी येऊन मैत्रिणीच्या डब्यात काय होते ते सांगते. अजून सगळे सुरळीत झालेले नाही. पण सकाळी रडणे थांबले आहे.

गोणपाटापासून या बाकापर्यंत यायला आपल्याला शंभराहून अधिक वर्षे लागली. एका बाकावर बसणे पुरेसे नाही, हे खरे. पण त्या बाकावर समान दर्जाने, एकत्र काम करत बसलेली मुले समाज बदलू शकतात, हे आता केवळ आपले म्हणणे राहिलेले नाही. त्याला पुरावा आहे. तो हातात घेऊन शाळेच्या दारात उभे राहणे आपले काम आहे.